वायरमन पुन्हा पुन्हा यावा यासाठी

जिन्यातला दिवा लुकलुकू लागला की सर्वप्रथम एक पथ्य पाळावे: त्याच्याकडे नीट पाहू नये. तो कूलर सुरू झाल्यावर लुकलुकतो की पाण्याची मोटार चालू केल्यावर, एकटाच लुकलुकतो की स्वयंपाकघरातली ट्यूबही त्याच्याबरोबर मान टाकते, हे एकदा लक्षात राहिले की ते वायरमनला सांगण्याचा मोह आवरत नाही, आणि तेवढ्या माहितीवर जाणता वायरमन अर्धा बिघाड रस्त्यातच ओळखतो. एकच दिवा रुसला असेल तर तो बल्ब, होल्डर आणि बटण पाहतो. एका खोलीतले सगळे दिवे असतील तर त्या बोर्डाकडे येणारा जोड शोधतो. साऱ्या घराचीच ही अवस्था असेल तर मीटरजवळ किंवा खांबावर काही सैल आहे, असा त्याचा कयास होतो. म्हणून फोनवर ‘लाइट बिघडली’ एवढेच बोलावे. त्याने फारच खोदून विचारले तर ‘माले काय माहीत!’ हे आपले खान्देशी उत्तर आहेच.

फोनचा मुहूर्तही महत्त्वाचा आहे. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ यासाठी उत्तम. घर नुकतेच रंगवून झालेले असते, रंगाऱ्याच्या ब्रशाने बटणांच्या फटीही सोडलेल्या नसतात, पाहुणे उतरू लागलेले असतात आणि दारावर माळा सोडायच्या असतात. अशा दिवशी जळगाव-धुळ्यातला प्रत्येक वायरमन दहा घरांना शब्दाने बांधलेला असतो, त्यामुळे तो गाडी बंद न करताच आत येईल, बल्ब बदलेल, दिवा लागलेला दाखवील आणि निघून जाईल. बटणात रंग गेला आहे, हे त्याला सांगण्याची गरज नाही. दिवाळीच्या वेळी त्याला पुन्हा बोलावण्यासाठी काही निमित्त हवेच.

तो सवडीने आला तर मात्र सावध राहावे. त्याच्या हातात टेस्टरखेरीज दुसरे काही नसेल, याची खात्री करून घ्यावी. टेस्टरमधला लहानसा निऑन दिवा तारेत फेज, म्हणजे येणारी जिवंत वीज, आहे की नाही, एवढेच सांगतो. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, शाबूत आहे का, या प्रश्नावर तो मौन पाळतो. न्यूट्रल मध्येच कुठे तुटलेला असेल आणि पुढे एखाद्या दिव्याचे बटण चालू राहिलेले असेल, तर त्या दिव्यातून फेज मागे फिरून न्यूट्रलच्या तारेतही येतो, आणि टेस्टर दोन्ही तारांना सारख्याच उत्साहाने लागतो. मग ‘डबल फेज येतोय’ असा निर्णय होतो, शेजारचे आप्पा आपला अनुभव सांगतात, कोणी खांबाकडे बोट दाखवतो, कोणी वीज कंपनीच्या नावाने बोटे मोडतो, आणि दुपार सत्कारणी लागते. याउलट, होल्डरला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प जर त्याने पिशवीतून काढला, तर तो फेज आणि न्यूट्रलमध्ये लावून पाहील, मग दुसऱ्या बोर्डावरच्या चांगल्या न्यूट्रलशी ताडून पाहील आणि पाच मिनिटांत तुटलेल्या तारेपर्यंत पोहोचेल. टेस्ट लॅम्प दिसताक्षणी चहा ठेवावा.

बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणणारा एलईडी बल्ब ही तर दैवी देणगी समजावी. बटणातल्या छोट्या इंडिकेटरमधून झिरपणाऱ्या प्रवाहावरही असे होते, आणि बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असले तरी होते. दुसऱ्या प्रकारात बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो, म्हणजे बल्ब बदलायला स्टुलावर चढलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजत असतो. काही अरसिक माणसे बल्बला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडतात. आपण मात्र बल्बला झीरो बल्ब समजून त्याचे कौतुक करावे आणि दाराला लिंबू-मिरची बांधावी.

उन्हाळ्यात फारसे कष्ट पडत नाहीत. भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, संध्याकाळी स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो, आणि त्याच स्लॅबला चिकटलेल्या बंद काचेच्या हंडीत आपण एलईडी बल्ब बसवतो. त्या बल्बच्या पोटातल्या कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. हंडी काढून टाकली तर बल्ब टिकेल, पण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली बैठक बोडकी दिसते म्हणतील. तेव्हा हंडी राहू द्यावी आणि कंपनी बदलत राहावी.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्यात वायरमनच्या फेऱ्यांचा आनंद फार काळ टिकत नाही. घरातले काही दिवे एकाएकी डोळे दिपवू लागले आणि काही मंदावले, तर तीन फेजांच्या लाइनीचा न्यूट्रल सुटला आहे असे समजावे. तेव्हा २३० व्होल्टसाठी बनवलेल्या टीव्हीच्या वाट्याला ४०० च्या जवळपासही व्होल्टेज येऊ शकते. मेन स्विच तत्काळ बंद करणाऱ्याचा टीव्ही वाचतो. वायरमनचा परिचय मात्र वाढत नाही.

आता मुख्य साधन, म्हणजे पैसे. बदललेल्या वस्तूचे पैसे आपण न कुरकुरता द्यावेत, कारण जुना बल्ब, जुने बटण, जुना होल्डर टेबलावर ठेवलेला दिसतो; बिघाड शोधण्याचे पैसे मात्र कधीही देऊ नयेत, कारण शोध टेबलावर ठेवता येत नाही. दोन-तीन फेऱ्यांत वायरमनलाही ही रीत अंगवळणी पडते आणि तो शोधण्याचे सोडून बदलू लागतो. आमच्या जिन्यातल्या दिव्याने याच मार्गाने वर्षभरात दोन बल्ब, एक होल्डर आणि एक बटण मिळवले. दीपनगरच्या वीजनिर्मिती केंद्राची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसते. तिथवर वीज मुबलक, आणि आमच्या जिन्यात शेवटच्या चार बोटांत अडलेली.

पाचव्या वेळी एक वयस्कर वायरमन आला. त्याने कशालाही हात न लावता आधी स्वयंपाकघरातली ट्यूब लावायला सांगितली, मग मिक्सर, आणि जिन्यातल्या दिव्याकडे पाहत उभा राहिला. नंतर त्याने आमचे लोखंडी कपाट सरकवायला लावले. त्यामागच्या जंक्शन बॉक्समध्ये पीळ देऊन टेप गुंडाळलेला न्यूट्रलचा जोड काळा पडला होता. जळका भाग कापून त्याने तारा नव्या कनेक्टरमध्ये घातल्या, स्क्रू आवळला आणि तीनशे रुपये मागितले. ‘एक स्क्रू आवळायचे तीनशे?’ असे म्हणून आम्ही पन्नास रुपये पुढे केले. ते न घेताच तो जिना उतरून गेला, आणि दिवा तेव्हापासून स्थिर आहे.

कपाट आम्ही पुन्हा जागेवर लावले. परवापासून बैठकीतली ट्यूब लुकलुकते आहे. त्या म्हाताऱ्याने फोन उचलला नाही, म्हणून पहिल्याला बोलावले आहे. तो येताना नवी ट्यूब घेऊनच येतो म्हणाला.