एन बरोबर उणे एक आहे का?

मुलानं पुण्याहून येताना त्याचा जुना लॅपटॉप आणून माझ्या गळ्यात घातला. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच जीव धरणारा. त्यातलं विंडोज सुरू होईस्तोवर माझा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. गल्लीतला इंजिनीअरिंगचा पोरगा म्हणाला, "सर, लायनक्स टाकून देतो ना. त्याच्यात गणिताचं सॉफ्टवेअर पण भेटते, मॅक्सिमा म्हणून. फुकट." नागपूरच्या महाल भागातल्या निवृत्त गणित शिक्षकाला 'गणित' आणि 'फुकट' एकाच दमात ऐकवल्यावर तो पुढे काय विचारणार?

उबंटू, म्हणजे लायनक्सचाच एक प्रकार, तो टाकून गेला. मॅक्सिमा मी स्वतः टाकायचं ठरवलं. (नागपूरच्या मे महिन्यात स्वाभिमान बाळगू नये.) काळ्या खिडकीत 'सुडो ऍप्ट इन्स्टॉल मॅक्सिमा' लिहिलं. पासवर्ड मागितला. मी बटणं दाबतोय आणि पडद्यावर अक्षर नाही, टिंब नाही, काही नाही. कीबोर्ड गेला असं वाटून आणखी जोरात दाबली. तीनदा नापास करून त्यानं मला वर्गाबाहेर काढलं. पोराला फोन लावला.

"सर, तो दिसतच नसते. दिसून नाही राहिला म्हणजे बरोबर चालू आहे."

पुढच्या खेपेला पासवर्ड बसला, तर दाराला कुलूप. दुसराच कोणी प्रोग्राम आत आपलं अपडेट उरकत होता आणि त्यानं आतून कडी लावली होती. लग्नघरात अख्ख्या वऱ्हाडाला एकच न्हाणीघर असलेलं पाहिलंय, त्यामुळे हे मला न सांगता समजलं. थांबलो. कडी निघाली, डाउनलोड झालं, इन्स्टॉल सुरू झालं आणि लाईन गेली.

दुपारी अडीचला लाईन गेली की आधी कूलर जातो. वाळ्याचा ओला वास दोन मिनिटं टिकतो आणि मग खिडकीतून भट्टी आत येते. लॅपटॉपचं दुःख त्यानंतरचं. तासाभरानं लाईन आली, तर लॅपटॉप सांगतो, काम अर्धवट राहिलंय, अमुक कमांड द्या, म्हणजे पुरं करतो. मला भरून आलं. आमच्या गल्लीतला रस्ता गेल्या दिवाळीपासून अर्धवट खणलेला आहे, त्यानं अजून कोणाला कमांड सांगितलेली नाही.

एकदाचं मॅक्सिमा उघडलं. सुरुवातीलाच ओळ येते, विल्यम शेल्टर यांच्या स्मृतीस अर्पण. पोराकडून कळलं ते असं. १९६८ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये 'मॅक्सिमा'चा बाप, 'मॅकसिमा' नावाचा प्रोग्राम, सुरू झाला. त्याची एक प्रत तिथल्या ऊर्जा खात्याकडे होती. शेल्टर यांनी १९८२ पासून ती सांभाळली, १९९८ मध्ये सगळ्यांना मोकळी करायची परवानगी मिळवली आणि २००१ मध्ये ते गेले. १९६८ साली मी चौथीत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, घोकत होतो. म्हणून पहिला प्रश्न तोच टाकला, सतरा गुणिले तीन भागिले चार. एंटर.

शांतता. कर्सर खालच्या ओळीत जाऊन लुकलुकतोय. पाच मिनिटं मी त्याच्याकडे, तो माझ्याकडे. पुन्हा फोन.

"सर, तुम्ही त्याच्यासाठी थांबले, तो तुमच्यासाठी थांबून राहिला. सेमिकोलन द्या ना बाप्पा."

अर्धविराम दिला, उत्तर आलं, एक्कावन्न छेद चार. आमच्या गुरुजींनी 'पावणेतेरा' ऐकल्याशिवाय खाली बसू दिलं नसतं, पण चूक नव्हती. मग लिहिलं, ए बरोबर पाच. त्यानं तेच परत लिहून दाखवलं. 'ए किती?' तर म्हणे 'ए'. म्हणजे तुमचं म्हणणं ऐकलं, मानलं नाही. किंमत द्यायची तर दोन टिंबं लागतात, बरोबरचं चिन्ह हे नुसतं विधान असतं. हा फरक सांगता सांगता माझी एकतीस वर्षं गेली आणि फळ्यावर मीच तो रोज मोडत होतो.

आता खरी गंमत. वर्गात माझा एक नियम होता. एक्सचा एनवा घात, त्याचं इंटिग्रेशन लिहिताना 'एन बरोबर उणे एक नसावा' (नाहीतर छेदात शून्य येतं) ही अट नाही लिहिली, तर अर्धा मार्क कापायचा. पालक भांडायला यायचे. मी ढिम्म. तेच गणित मॅक्सिमाला टाकलं, अटीशिवाय, घाईत. त्यानं उत्तर दिलं नाही. उलट मलाच विचारलं, एन बरोबर उणे एक आहे का?

कूलर चालू असून घाम फुटला. रोमन लिपीत 'हाव', म्हणजे आमच्याकडचं 'हो', टाइप केलं. चालत नाही, येस किंवा नो म्हणा, असं सांगून तोच प्रश्न पुन्हा. 'नो' लिहिलं. शांतता. अर्धविराम राहिला होता. तो दिल्यावर एन अधिक एक छेदात घालून उत्तर आलं. बायको दारातून म्हणाली, "अहो, तो तुम्हाला प्रश्न विचारून राहिला की तुम्ही त्याला?"

मी चष्मा पुसून उत्तर पुन्हा वाचलं. प्लस सी, शेवटी जोडायचा तो स्थिरांक, कुठे आहे? पुन्हा वाचलं. नाही. अर्धा मार्क कापला. लगेच वन अपॉन एक्सचं इंटिग्रेशन विचारलं. नुसतंच लॉग एक्स! मॉड (एक्सची ऋण खूण पुसणाऱ्या उभ्या रेघा) नाही, सी नाही. एक मार्क साफ गेला. हे मी वहीत लाल शाईनं लिहूनही ठेवलं. पुष्कळ दिवसांनी त्या दुपारी मी दोन घास जास्त जेवलो.

संध्याकाळी पोरगा आला. वही पाहून हसला आणि त्यानं लॉगॅब्स, दोन टिंबं, ट्रू असं काहीसं लिहिलं. मग तेच गणित. आता लॉगच्या आत मॉड हजर.

"माहीत होतं तर आधी का नाही लिहिलं यानं?"

"तुम्ही विचारलंच नाही ना सर."

मागच्या बाकावरून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हात आपोआप लाल पेनाकडे गेला. मॉडचा अर्धा मार्क परत दिला. सीचा दिलेला नाही.