दाजींची गाडी

दाजी मस्कतला गेले आणि जाताना त्यांची एसयूव्ही साताऱ्यात आमच्या दारात लावून गेले. "आठवड्यातून एकदा फिरवत जा, नाहीतर बॅटरी बसते," एवढंच म्हणाले. गाडीसुद्धा बसते, हे सांगायचं त्यांनी टाळलं.

पहिल्याच रात्री अंगणातून 'फुस्स्' असा आवाज आला. आई काठी घेऊन दारात. "गाडीखाली लांबडं आहे," ती हळूच म्हणाली. रात्री त्याचं खरं नाव घ्यायचं नसतं. शेजाऱ्यांनी सर्पमित्राला बोलावलं. तो बॅटरी आणि आकडी घेऊन गाडीखाली अर्धा शिरला, तेवढ्यात परत फुस्स्! बिचारा जेवढा शिरला होता त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आला. मग त्यानेच वाकून नीट पाहिलं आणि कपडे झटकत निदान केलं, "साहेब, गाडीच सोडतीय हवा."

झालं होतं असं, की या गाडीला एअर सस्पेन्शन आहे. लोखंडी स्प्रिंगच्या जागी चारही चाकांवर रबराचे फुगे. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, सेन्सर उंची मोजतात. आमच्या अंगणाला उतार असल्यामुळे गाडी उभ्या उभ्याच थोडी हवा सोडून आपली पातळी जुळवत होती. मध्यरात्री, कुणी सांगितलेलं नसताना.

मग मी मॅन्युअल काढलं. त्यातून कळलेली मोठी गोष्ट अशी, की गाडीची उंची आणि गाडीचा मऊपणा ही दोन वेगळी खाती आहेत. कम्फर्ट मोड लावला की शॉकॲब्सॉर्बर नरम पडतात, स्पोर्टला कडक होतात आणि गाडी खालीही जाते. ऑफ-रोडला ती नुसती वर उचलली जाते. मी दाजींना फोनवर हे समजावलं. ते म्हणाले, "हो का? मी तर खड्डे आले की स्पोर्ट लावायचो. खड्डे चुकवणं हा खेळच की!"

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो आणि ऑफ-रोडची परीक्षा घेतली. गाडी ऐटीत वर आली. खड्ड्यांचा पट्टा संपला, चांगलं डांबर लागलं, मी जरा वेग घेतला. पडद्यावर लगेच निरोप : वेग जास्त, उंची कमी करत आहे. वेगात उंच गाडी वळणावर जास्त कलते, वाराही जास्त अडवते, म्हणून ही दक्षता. शास्त्र बरोबर आहे. फक्त गाडी पुरती खाली येऊन स्थिरावली तिथेच पुढचा खड्डा होता, आणि तो मॅन्युअल वाचून आलेला नव्हता.

पंक्चरवाल्याची कथा याहून छोटी. जॅक मोड, म्हणजे गाडीने आपली उंची जुळवणं थांबवायचा मोड, न लावता त्याने चाक उचललं. सेन्सरला वाटलं हा कोपरा फारच उंच झाला, म्हणून गाडी त्या फुग्यातली हवा सोडायला लागली. पंक्चरवाला म्हणाला, "वं साहेब, आमी वर घेतोय, ती खाली चाललीय. आधी दोघं ठरवा." मोड लावला, वाद मिटला.

खरा उपयोगाचा म्हणाल तर ॲक्सेस मोड. बटण दाबलं की गाडी चार-पाच सेंटीमीटर खाली येते, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता येतं. हा मोड आमच्या आईसाठीच काढलाय असं मला वाटलं. पण या गाडीचा एक नियम आहे : दार उघडलं की हालचाल बंद. आणि आईचाही एक नियम आहे : गाडी आली की दार उघडायचं. गाडी अर्ध्यात अडकायची, आई एक पाय आत टाकून उभी, आणि मी "आई, दार लाव, दार लाव" करत ओरडतोय. "आत घेतोयस की घालवतोयस?" ती विचारायची.

शेवटी तोड तिनेच काढली. गाडी घराच्या ओट्याला अगदी चिकटून लावायची आणि ऑफ-रोडवर पूर्ण उंच करायची. तळ बरोब्बर ओट्याला येतो. आई ओट्यावरून सरळ चालत आत जाते, पदर सावरते, म्हणते, "चल."

दाजींचा परवा फोन आला, ऑफ-रोड वापरता का म्हणून. म्हटलं, रोज. फक्त यवतेश्वरच्या देवळापाशी ओटा नाही, तिथे उतरायचं कसं ते अजून बघतोय.