नायटा दीर्घायुषी करण्याचे उपाय

जांघेत खाज सुटलीय? कमरेवर लाल कडं उमटलंय? त्वचारोगतज्ज्ञाकडे अजिबात जाऊ नका. तो खपली खरवडणार, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकात डोकावणार आणि शेवटी बुरशीच आहे म्हणणार. ते तर शेजारच्या काकूंनी फुकटात सांगितलंय.

त्यापेक्षा नाक्यावरचं मेडिकल गाठा. "दादा, खाजेवर काहीतरी भारी द्या!" ट्यूबवर मुंगीएवढ्या अक्षरात क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल अशी मंडळी असतील आणि त्या गर्दीत अंग चोरून उभं असलेलं टर्बिनाफिन, म्हणजे बुरशीचं खरं औषध. चिठ्ठी कोण मागतंय! क्लोबेटासॉल हे जबरदस्त स्टेरॉइड. लाली आणि खाज दोन दिवसांत गायब, कारण शरीराचा प्रतिकारच थंडावतो. बुरशी जागची हलत नाही, उलट ऐसपैस पसरते. खाज थांबली की ट्यूब बंद करा. परत आली की परत लावा. टॉवेल घरात एकच ठेवा, आणि पावसाळ्यात ओली जीन्स अंगावरच वाळवा.

या पाहुणचाराला बुरशीही जागली. टर्बिनाफिन तिचं स्क्वालीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम बंद पाडतं. ते बंद पडलं की पेशीच्या पडद्याला लागणारं एर्गोस्टेरॉल बनत नाही. मग या एन्झाइमच्या 397 व्या अमिनो आम्लाच्या जागी फेनिलअ‍ॅलनिनऐवजी ल्युसीन असलेल्या बुरशा तगल्या. कुलपाची एक खाच बदलली, किल्ली बसेना. अशा बुरशीवर टर्बिनाफिनच्या गोळ्या महिनोन्महिने गिळल्या तरी ढिम्म.

जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या या जातीचं 2020 मध्ये बारसं केलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. देशाचं नाव झालं की नाही? 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन रुग्णांत ती सापडल्याची नोंद झाली. त्यातल्या एकीने तर परदेशाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. आपल्याला व्हिसासाठी रांगेत उभं राहावं लागतं, ते वेगळं.

प्रयोगशाळेतल्या लोकांचाही विचार करा. खरवडीतून बुरशी उगवेपर्यंत दोन-तीन आठवडे वाट बघायची, मग प्लेटच्या इवल्या खड्ड्यांत औषध प्रत्येक वेळी निम्मं करत न्यायचं आणि ती कितपत औषधात वाढायची थांबते ते पाहायचं. तुम्ही शिस्तीत पूर्ण उपचार घेतलेत, तर या बिचाऱ्यांनी अभ्यास कशाचा करायचा?

आणि हो, उरलेली अर्धी ट्यूब फेकू नका. वहिनींच्या बाळाच्या गालावर काहीतरी उठलंय म्हणे.