टिक पडली, कुकर तसाच

घरकामाला गुण देणाऱ्या ॲपबद्दल वाचलं आणि आमचा कोथरूडचा फ्लॅट आठवला. आम्ही चौघं, इंजिनिअरिंगची शेवटची दोन वर्षं. असलंच एक ॲप घेतलं होतं: कचऱ्याला पाच गुण, भांड्यांना दहा. आठवड्याभरात जो तो कचऱ्याची पिशवी अर्धी भरायच्या आत खाली न्यायला पळू लागला. डाळ करपलेला कुकर मात्र तीन दिवस सिंकमध्ये भिजत! त्याला वेगळे गुण नव्हते ना.

पुढे मास्टर्ससाठी जर्मनीत स्टुटगार्टला आलो. इथे जिना झाडायची पाळी असते, ‘केरवोखे’ (नावातच केर, निव्वळ योगायोग). ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी. काम झालं की आपणच ती शेजारच्या दाराला अडकवायची. पालिकेची सक्ती १९८८ मध्ये गेली, पाटी बऱ्याच इमारतींत अजून लटकतेय. गुण नाहीत, नोटिफिकेशन नाही. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते, बस. ॲपमधली सूचना काय, अंगठ्याने सरकवली की गेली.

कोथरूडला शेवटी आम्ही भांड्यांना मावशी लावल्या. त्यांच्या पगाराची वाटणी मात्र स्प्लिटवाइज या खर्च वाटायच्या ॲपवर पैशापैशाची व्हायची!