कोरडा नल

मे महिन्यात नागपुरात माझा घसा दोनच गोष्टींनी कोरडा पडतो: ऊन, आणि जावास्क्रिप्टची ‘कॅनॉट डिस्ट्रक्चर प्रॉपर्टी’ ही एरर.

महिरपी कंस टाकून ऑब्जेक्टमधून (नावं लावलेल्या माहितीच्या गाठोड्यातून) हवं तेवढं काढून घ्यायची सोय, म्हणजे डिस्ट्रक्चरिंग, जावास्क्रिप्टमध्ये 2015 पासून आहे. मीही हावरटासारखा कंसात कंस घालतो: ग्राहक, त्यात पत्ता, त्यात पिनकोड. सर्व्हरनं पत्ताच धाडला नाही की मधल्या कंसावर सारं आडवं. म्हणून पत्त्यापुढे ‘=’ चिन्ह टाकून डिफॉल्ट म्हणून रिकामा ऑब्जेक्ट ठेवायचा, म्हणजे पिनकोड फार तर अनडिफाइन्ड (किंमतच दिलेली नाही असा) येतो.

पण सर्व्हरनं नल, म्हणजे मुद्दाम लिहिलेलं ‘काही नाही’, पाठवला तर? मग हा डिफॉल्टही कामाचा नाही. राजेहो, याला आमचा उन्हाळाच लावून पाहा. घरात नळच बसवला नसेल, तर ते अनडिफाइन्ड. तिथे टँकर येतो. नळ आहे पण कोरडा, तर तो नल. कागदावर जोडणी आहे ना, मग टँकर नाही! डिफॉल्ट फक्त अनडिफाइन्डला धावतो. दोघांनाही पाणी हवं तर कंस उघडायच्या आधीच दोन प्रश्नचिन्हं (??) लावून पुढे रिकामा ऑब्जेक्ट ठेवायचा. ही प्रश्नचिन्हं 2020 मध्ये आली. तोवर काय, बादल्या.

आत नेमकं काय आलंय हे पाहायला कन्सोल लॉग (किंमत छापून दाखवणारी आज्ञा) लावावा, तर त्याची तऱ्हा आणखी न्यारी. ब्राउझरमध्ये ऑब्जेक्टशेजारच्या बाणावर क्लिक केलं की आतला माल क्लिकच्या वेळचा दिसतो, छापल्या वेळचा नाही. चोरी सकाळची, पंचनामा संध्याकाळचा, तोवर घर झाडून-पुसून लख्ख. म्हणून छापण्याआधी प्रत काढायची. जेसनमधून (मजकूर करून परत ऑब्जेक्ट बनवत) काढाल तर अनडिफाइन्ड किल्ल्या (कीज, म्हणजे आतली नावं) गुपचूप गळतात, म्हणजे संशयितच पसार. स्ट्रक्चर्डक्लोन हे प्रत काढणारं तयार फंक्शन त्यांना धरून ठेवतं, पण आत एखादं फंक्शन सापडलं की एरर फेकतं. ती झेलून मूळ ऑब्जेक्टच छापायचा.

एवढ्यासाठी लायब्ररी काहून शोधायची? चार ओळींचं ‘पाहू’ नावाचं फंक्शन पुरतं (नाव देवनागरीत चालतं, खरंच). लेबल आणि किंमत घ्यायची, प्रत छापायची, किंमत जशीच्या तशी परत द्यायची. मग कंसाच्या उजवीकडे कुठंही ‘पाहू’ गुंडाळा, बाकी कोडला हात लावायचं काम नाही.

फक्त बाणवाल्या (=>) फंक्शनला महिरपी कंस लावला की रिटर्न आपणहून होत नाही. ‘पाहू’त रिटर्नची ओळ विसरली की ‘पाहू’ छापतं अगदी बरोबर, हाती देतं अनडिफाइन्ड, आणि खाली लाल अक्षरांत: ‘कॅनॉट डिस्ट्रक्चर प्रॉपर्टी’.