कोबा असा करा, की दर तीन वर्षांनी नवा करता येईल

बंगला उभा राहिला, रंग झाला, वास्तुशांतीच्या पत्रिका छापून आल्या. राहिलाय तो फक्त गेटपासून पोर्चपर्यंतचा काँक्रीटचा कोबा. बारा फूट रुंद, चाळीस फूट लांब. अभिनंदन, अगदी योग्य वेळी आठवण झाली तुम्हाला. कोब्याचं काम नेहमी मे महिन्यात, वास्तुशांतीला आठ दिवस उरले की काढावं. त्याहून जास्त वेळ हाताशी असला तर माणूस विचार करायला लागतो, आणि विचार केला की खर्च वाढतो.

आधी जमीन. तुमचा प्लॉट मराठवाड्यात, विदर्भात किंवा सोलापूरकडे असेल तर खाली बहुधा काळी माती असणार. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत हाताचा पंजा जावा. जाणकार सांगतील, दीड-दोन फूट काळी उचलून बाहेर टाका, त्या जागी मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर द्या, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर नाहीतर धुम्मस फिरवा. ऐकून घ्या, चहा पाजा आणि वाटेला लावा. घरचाच राडारोडा पडलाय की! फुटक्या विटा, टाइल्सचे तुकडे, प्लायवूडच्या ढलप्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. सगळं पसरा आणि वर शोभेपुरता मुरूम अंथरा. ड्रेनेज लाइनचा चर महिन्यापूर्वी नुसता माती लोटून बुजवलाय, त्याला तर हातही लावू नका. पहिल्या पावसात तो बसेल, आणि पाईप कुठून कुठे गेलाय याचा नकाशा कोब्यावर आपोआप उमटेल. पुढेमागे प्लंबरचीच सोय.

सोलिंगचं, म्हणजे कोब्याखालच्या दगडांच्या थराचंही तसंच. नऊ इंची दगड उभे लावायचे, फटींत कपच्या ठोकायच्या, वरून मुरूम दाबायचा, अशी जुनी रीत आहे. दगड आडवे टाकले की अर्धी मजुरी वाचते आणि दिसायला काही फरक पडत नाही. कोब्याखाली वाकून बघणार कोण?

आता हिशेब. पाच इंच जाडी धरली तर माल लागतो 200 घनफूट, म्हणजे बरोबर दोन ब्रास. काँक्रीट एम-20 प्रतीचं, म्हणजे एक भाग सिमेंटला दीड भाग वाळू, तीन भाग खडी. त्याला सिमेंट लागतं 46 गोण्या, खडी साधारण 1.7 ब्रास, वाळू किंवा क्रश सँड 0.85 ब्रास. ठेकेदार म्हणेल, ‘बत्तीस गोण्यांत बसवतो, मालक.’ लगेच हो म्हणा. तो बसवतोच. कडेच्या फळीशी जाडी पाच इंच असते आणि मधे, जिथे गाडीची चाकं जातात, तिथे जमीन जरा उंच राहिलेली असते. तिथे तीन इंचांत भागतं. टेप घेऊन मोजायचंच असेल तर कडेलाच मोजा, मन प्रसन्न राहतं.

मापाला खोकं वापरायचा आग्रह धरू नका. सव्वा घनफुटाच्या खोक्यात एक गोणी सिमेंट बसतं, त्यामुळे वाळू दीड खोकं आणि खडी तीन खोकी इतकं ते सोपं होतं. एवढं सोपं झालं तर कारागिराचं कसब काय राहिलं? घमेली चालू द्या. सकाळचं घमेलं शिगोशिग, दुपारचं चपटं. ओली वाळू फुगलेली असते, त्यामुळे त्याच घमेल्यात ती कमी येते, हा आणखी एक बोनस.

पाण्याच्या बाबतीत मात्र सढळ हात हवा. आयएस 456 हे भारतीय मानक एम-20च्या ठरावीक मिश्रणाला पन्नास किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त 30 लिटर पाणी सांगतं. मानक लिहिणाऱ्यांना फावडं मारायचं नसतं, म्हणून ते असं लिहितात. पाईपचं तोंड थेट मिक्सरमध्ये सोडा आणि माल आमटीसारखा पळायला लागेपर्यंत काढू नका. खडी आपसूक तळाला जाते, सिमेंटचं दूध वर येतं, आणि जादा पाणी उडून गेलं की काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या राहतात. घर श्वास घेतं म्हणतात ते हेच असावं. जेवणाच्या सुट्टीत अर्धं गाडं माल कडक होऊन पडला तर टाकून देऊ नका, दोन तांबे पाणी मारून पुन्हा कालवा. अन्नाची नासाडी आपल्याला शिकवलेली नाही.

सळईची जाळी घ्यावीच. आठ मिलिमीटरची, आठ-आठ इंचांवर. शेजाऱ्यांना दाखवायला बरी. ती वरच्या तिसऱ्या हिश्श्यात राहावी म्हणून तिच्याखाली सिमेंटचे ठोकळे किंवा वाकवलेल्या सळईच्या ‘खुर्च्या’ द्याव्या लागतात, पण तुमच्याकडे त्याहून उत्तम सोय आहे. ओतकाम चालू असताना एक पोरगा सळईचा आकडा घेऊन उभा राहील आणि म्हणेल, ‘ओढून घेतो ना वर.’ तो ओढतो. जाळी चार बोटं वर येते, त्याच जागेवर दुसरा माणूस गमबूट घालून उभा राहतो आणि जाळी पुन्हा मुरमावर जाऊन निजते. जाळीचं काम पडलेली भेग आवळून धरणं. तळाशी पडलेली जाळी वरून उघडणारी भेग कशी धरणार, असले प्रश्न त्या पोराला विचारू नका.

आता मुख्य गोष्ट, जॉइंट. काँक्रीट सुकताना आकसतं आणि उन्हात वाढतं. चाळीस फुटांचा पट्टा तीस अंशांच्या फरकाला साडेतीन मिलिमीटर लांबतो. म्हणून कुणी तरी शहाणा सुचवेल की दर दहा फुटांवर कटरने दीड इंच खोल काप घ्या, तोही दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत. भेग पडणारच आहे, तर ती आपण आखलेल्या सरळ रेषेत पडू द्यावी, असा त्याचा हिशेब. पण सरळ रेषेत कसली कला? काप घेऊच नका, किंवा कटरवाला आठवड्याने आला तरी चालेल म्हणा. तोवर भेग आपली वाट स्वतः शोधते. चेंबरच्या झाकणाच्या कोपऱ्यातून ती निघते, तिरकी जाते, मधे जरा वळण घेते आणि गेटच्या खांबाशी पोचते. गोदावरीचा नकाशाच म्हणा ना.

जोत्याला, खांबांना आणि कंपाउंडच्या भिंतीला कोबा अगदी चिकटवून ओता. मधे अर्ध्या इंचाचा थर्मोकोल लावला तर तिथे रेघ दिसते, आणि रेघ आपल्याला चालत नाही. भिंतीचं प्लास्टर फुगून सुटलेलं चालतं.

उतार कुठे द्यायचा, हे पावसाला ठरवू द्या. दहा फुटांना दीड इंच उतार रस्त्याकडे द्यायचा असतो, आणि लेव्हलच्या नळीने तो पाच मिनिटांत आखता येतो. डोळ्याने आखला तर पाणी पोर्चमध्ये येतं, आणि जुलैमध्ये नातवंडांच्या होड्या घरातल्या घरात सोडता येतात.

वरचं फिनिशिंग आरशासारखं हवं. पाणी वर तरंगत असतानाच सुकं सिमेंट भुरभुरा आणि गुरमाळ्याने घोटा. वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतात, पण तोवर चेहरा बघता येतो. ओल्यावर आडवा झाडू फिरवून खरखरीत करणारे लोक मुळात रसिक नव्हेत. पावसात सासरेबुवा घसरले तर ती त्यांची चाल. एखादा ठेकेदार ‘ट्रिमिक्स करतो’ म्हणेल. त्यात चटई अंथरून पंपाने जादा पाणी ओढून घ्यायचं असतं. तुमच्याकडे पंप आणि चटई काही येणार नाही, नुसता गोल फिरणारा पंखा येईल. बिलात मात्र ट्रिमिक्स सगळंच येईल.

खालून चार इंची रिकामा पीव्हीसी पाईप टाकून ठेवण्याचा किडा डोक्यात आला तर झटकून टाका. पाईपगॅसवाले, इंटरनेटवाले, बोअरची केबल हे सगळे कोबा झाल्यावरच येतात. ब्रेकर भाड्याने मिळतो.

मग पाणी मारणं. बाजारातलं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं असतं, त्याला किमान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं, मेच्या उन्हात चौदा दिवस तरी. आळी करून पाणी तुंबवा, नाहीतर गोणपाट टाकून भिजवा, हा सरळ उपाय. पण वास्तुशांत तर सातव्या दिवशी आहे! तेव्हा सकाळी वॉचमनने पाईपने एक हात मारला की पुरे. दुपारी बाराला कोबा पांढरा पडला की समजा वाळला, झालं काम. तिसऱ्या दिवशी मांडववाला येईल, त्याला बांबूसाठी भोकं पाडू द्या, माल अजून मऊच असतो. चौथ्या दिवशी पाण्याचा टँकर आत घ्या. दहा हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन. गाडीचं वजन वेगळं, ते त्याच्या मालकाकडे. अठ्ठावीस दिवस थांबा असं सांगणाऱ्याला जेवायला बोलवा आणि गाडी रस्त्यावर लावायला सांगा.

दिवाळीपर्यंत भेगा मोजण्याजोग्या होतात. ठेकेदाराला फोन लावा, तो म्हणेल, ‘हेअरक्रॅक आहेत, काँक्रीटला पडतातच.’ पांढरं सिमेंट भरून घ्या, म्हणजे त्या लांबूनही दिसतील. तिसऱ्या पावसाळ्यानंतर सगळ्यावर पेव्हर ब्लॉक टाका. कोबा उखडायची गरज नाही, तो आहे तिथेच राहू दे. फक्त जमीन तीन इंच वर येते आणि गेट उघडेनासं होतं. खालची पट्टी कापायला वेल्डरला बोलवा. मागच्या वेळी कोबा झाल्यावर त्यानेच दोन इंच कापली होती, माप त्याच्याकडे असेल.