‘शेवटी सगळे एकाच गाडीत जाते’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या चवथीपासून, म्हणजे गणेश चतुर्थीपासून, आमच्या गोव्यातील डिचोली तालुक्यातील बहुतेक व्हॉट्सअॅप गटांत एक लांबलचक मराठी संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : घरात ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, कारण गाडीत शेवटी सगळे एकत्रच पडते, रिसायकलिंग ही निव्वळ थाप आहे, साळगावसारखे कचरा प्रक्रिया प्रकल्प उभे असताना वेगळे करण्याचे काम यंत्रावर सोपवावे, घाण करतात ते पर्यटक आणि भाडेकरू, आणि लोकांना शिकवत बसण्यापेक्षा जबर दंड लावून मोकळे व्हावे. संदेश लिहिणाऱ्याचा संताप खोटा नाही, हे आधीच मान्य करतो. मी गेली तीन वर्षे गावातील काही मंडळींबरोबर शनिवारी पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या शेडवर मदतीला जातो आणि तोच संताप मलाही अनेकदा आला आहे. मात्र त्या संतापातून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि ते पटल्यामुळे दोन डब्यांचा एक डबा केलेली घरे आमच्या वाड्यावर आता दिसू लागली आहेत.

पहिला आक्षेप डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभा आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. आपण दोन डबे वेगवेगळे भरून फाटकाशी ठेवावेत आणि कामगाराने दोन्ही एकाच हौद्यात उलटे करावेत, हे मीही पाहिले आहे. असे होते तेव्हा ती पंचायतीची चूक असते आणि ती ग्रामसभेत विचारलीच पाहिजे. पण गाडीत एकत्र पडते म्हणून पुढेही सगळे एकत्रच राहते, हे अनुमान बरोबर नाही. ओला कचरा साळगाव किंवा काकोडा येथील प्रकल्पाकडे किंवा स्थानिक खतखड्ड्याकडे जातो, सुका शेडमध्ये येतो आणि तेथे तो हाताने निवडला जातो. हाताने, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आमच्या शेडमध्ये काम करणाऱ्या मावशी पातळ प्लॅस्टिकचा तुकडा कानाजवळ नेऊन चुरगळतात. कुरकुर आवाज आला तर तो एका गोणीत जातो आणि मऊ, निःशब्द राहिला तर दुसऱ्या, कारण दोन्हींचे प्लॅस्टिक निराळे आणि भावही निराळा. ही परीक्षा आमटीने माखलेल्या पिशवीवर करता येत नाही. घरातून मिसळून आलेला कचरा शेडवरही वेगळा होतो, परंतु त्यातला भिजलेला पुठ्ठा, तेलकट कागद आणि आंबलेल्या पिशव्या यांना कोणी हात लावत नाही. म्हणजे विकली जाऊ शकणारी वस्तू आपल्या स्वयंपाकघरातच मातीमोल झालेली असते. गाडी नंतर येते.

दुधाच्या पिशवीचे उदाहरण घेतो, कारण ती प्रत्येक घरात रोज येते. ही पिशवी चांगल्या प्रतीच्या मऊ प्लॅस्टिकची असते आणि स्वच्छ असेल तर भंगारवाला ती घेतो. न धुता आठवडाभर साठवली तर पावसाळ्यात तिला असा वास सुटतो की घरातीलच कोणीतरी ती कचऱ्याच्या डब्यात नव्हे, कुंपणापलीकडे टाकते. आमच्या आईची पद्धत सोपी होती : चहाचे आधण ठेवताना त्यातले घोटभर पाणी पिशवीत घालून विसळायचे, ते चहातच ओतायचे आणि पिशवी चिमट्याने दोरीवर लावायची. शिवाय कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, लोंबता ठेवायचा, कारण तो नखाएवढा तुकडा पुढे कोणाच्याही हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. एवढी माहिती द्यायला दोन मिनिटे लागतात. आमच्या भागात वाटलेल्या गुळगुळीत पत्रकात पृथ्वीचे चित्र होते, हिरवी पाने होती, इंग्रजीत एक घोषवाक्य होते. दुधाच्या पिशवीचे काय करायचे ते मात्र कोठेही नव्हते.

‘रिसायकलिंग ही थाप आहे’ हा दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धे सत्य खोडणे अधिक अवघड असते. 1950 पासून 2015 पर्यंत जगात जो प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला, त्यातला सुमारे 9 टक्केच रिसायकल झाला, हा 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील अंदाज आहे आणि संदेशात तो आकडा दिलेला आहे. आकडा बरोबर आहे. पण तो सर्व देशांतील सर्व प्रकारच्या प्लॅस्टिकचा एकत्रित आकडा आहे. त्यावरून काच, पत्रा, पुठ्ठा आणि अॅल्युमिनियम यांच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अॅल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा धातू करताना खनिजापासून तो काढण्याच्या मानाने सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. बिअरची बाटली तर वितळवावीही लागत नाही, ती धुऊन पुन्हा भरली जाते. गोव्यात रिकाम्या बाटल्या गोळा करून कुटुंब चालवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांना हे कोणी शिकवलेले नाही. प्लॅस्टिकमध्येही पाण्याची बाटली, शाम्पूची जाड बाटली आणि बादली यांना गिऱ्हाईक मिळते.

गिऱ्हाईक मिळत नाही ते चिप्स, बिस्किटे आणि मसाल्याच्या चकचकीत पुड्यांना. त्यांत प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही. गोव्यातील असा निरुपयोगी सुका कचरा दाबून, गठ्ठे बांधून कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत इंधन म्हणून पाठवला जातो. हे जाळणे आहे, रिसायकलिंग नव्हे, आणि सरकारी भाषणांत दोन्ही एकाच नावाखाली सांगितले जाते तेव्हा संदेश लिहिणाऱ्याची चीड मला समजते. तरीही हीच पुडी ओढ्यात जाण्यापेक्षा किंवा अंगणात पाचोळ्याबरोबर पेटवण्यापेक्षा भट्टीत जाणे बरे. वस्तूच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात 1 ते 7 पैकी एखादा आकडा असतो, त्याबद्दलही गैरसमज आहे : तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, वस्तू रिसायकल होईलच अशी हमी देत नाही. कोणती वस्तू पुन्हा वस्तू होते, कोणती जळते आणि कोणती पुरली जाते, हे लोकांना खरेखरे सांगितले तर विश्वास वाढेल, कमी होणार नाही, असे माझे मत आहे.

यंत्राविषयीच्या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. साळगावचा प्रकल्प 2016 मध्ये 100 टनांच्या दैनंदिन क्षमतेने सुरू झाला आणि पुढे ती 250 टनांपर्यंत वाढवावी लागली. तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू आणि त्यापासून वीज होते. यंत्र आकार आणि वजन पाहून वेगळे करू शकते. डाळीत भिजलेल्या वर्तमानपत्राला ते पुन्हा कोरडे करू शकत नाही आणि फुटलेल्या काचेचे कण खरकट्यातून पूर्ण वेचू शकत नाही. मिसळलेला कचरा वर्षानुवर्षे एका जागी टाकत राहिल्याने काय होते, हे मडगावकरांनी सोनसोडोच्या कचरा डेपोवर पाहिले आहे. 2019 च्या मे महिन्यात तेथे लागलेल्या आगीचा धूर ज्यांनी श्वासात घेतला त्यांना यंत्रावर भरवसा ठेवायला सांगणे धाडसाचे आहे.

पर्यटकांचा आणि भाडेकरूंचा मुद्दा. किनारपट्टीवर पर्यटकांचा कचरा मोठा आहे, यात वाद नाही. परंतु आमच्या गावात पर्यटक येत नाहीत, आणि तरीही पुलाजवळच्या वळणावर रोज सकाळी बांधलेल्या पिशव्या पडलेल्या असतात. भाडेकरूंबद्दल मात्र एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती ऐकल्यावर माझे स्वतःचे मत बदलले. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात काम करणारी सात-आठ मुले एका चाळवजा इमारतीत राहतात. त्यांच्यावर आरोप होता की ती रात्री पिशव्या वळणावर टाकतात. चौकशी केली तेव्हा कळले की पंचायतीने डबे घर क्रमांकाप्रमाणे दिले होते. घर क्रमांक एक, म्हणून डब्यांची जोडी एक, आणि ती मालकाच्या अंगणात, कुलूपबंद फाटकाच्या आत. गाडी साडेदहाला येते, मुले सातला कामावर जातात. सूचना मराठी आणि इंग्रजीत. त्यांतली बहुतेक मुले कन्नड आणि हिंदी वाचणारी. ‘दादा, हमको किसीने बताया ही नहीं,’ असे त्यांतल्या एकाने मला सांगितले, आणि त्यावर मला काही बोलता आले नाही. आम्ही हिंदी व कन्नडमध्ये हाताने लिहिलेला एक तक्ता जिन्यापाशी लावला आणि मालकाला विनंती करून डबे फाटकाबाहेर आणले. वळणावरच्या पिशव्या पूर्ण थांबल्या असे मी म्हणणार नाही. त्या इमारतीतून येणारा सुका कचरा मात्र आता सुका असतो.

येथूनच शेवटच्या मुद्द्याकडे जाता येते, म्हणजे दंडाकडे. संदेशाचा सूर असा आहे की जणू आजवर कायदाच नव्हता. गोव्यात अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा 1996 पासून आहे. घरात कचरा वेगळा करणे 2016 च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. दंड हाच रामबाण असता तर पुलाजवळचे वळण केव्हाच स्वच्छ झाले असते. माझा दंडाला विरोध नाही. ट्रक भरून बांधकामाचा राडारोडा खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, ओतणाऱ्याला तो झालाच पाहिजे. पण जिच्या वाटेवर गाडी वळत नाही म्हणून जिला डबा घेऊन पाव किलोमीटर चढ उतरावा लागतो, त्या सत्तरीच्या आजीला दंड लावून काय साधणार? दंडाच्या भीतीने कचरा नाहीसा होत नाही, तो अंधार पडल्यावर बाहेर पडतो.

सोय केली तर लोक करतात, याला दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत. पणजी महानगरपालिकेने काही निवासी वसाहतींत कचरा 16 प्रकारांत वेगळा करून घेण्याची व्यवस्था उभी केली आणि रहिवासी ती वापरतात. ‘आपल्या लोकांना दोन डबे जमत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एकदा जाऊन ती पाहावी. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार जाऊन वेगळा केलेला कचरा घेते. केरळमध्ये हरित कर्म सेनेच्या स्त्रिया तेच काम गावोगाव करतात. दोन्हीकडे माहिती देणारी व्यक्ती आणि कचरा नेणारी व्यक्ती एकच आहे, आणि मला वाटते यशाचे मर्म तेथेच आहे. दारात उभी राहून ‘वहिनी, ही पिशवी धुऊन द्या, नाहीतर जात नाही’ असे सांगणारी बाई दहा फलकांपेक्षा जास्त शिकवते. आपल्याकडे जनजागृतीचे कंत्राट एकाला, गाडीचे दुसऱ्याला आणि शेडचे तिसऱ्याला. मावशींना रोज काय चुकीचे येते ते ठाऊक असते. त्यांना कोणी विचारत नाही.

तेव्हा संदेश पुढे पाठवण्याआधी त्याच्या लेखकाने आणि आपण सर्वांनी ग्रामसभेत काही साधे प्रश्न विचारावेत. गाडी कोणत्या दिवशी कोणता कचरा नेते, याचे वेळापत्रक पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीची वेळ जशी पाठ असते तसे प्रत्येक वाड्याला पाठ का नाही? औषधांच्या पट्ट्या, जुने बल्ब, मोडकी छत्री आणि चवथीनंतरचे थर्मोकोल कोणाकडे द्यायचे? शेड फक्त कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेतच का उघडी असते? पंचायत ग्रामसभा रविवारी ठेवते, कारण लोक रविवारी घरी असतात हे तिला ठाऊक आहे. आमची शेड रविवारी बंद असते.